उज्जाचा हात आणि आईचा डोळा

बाईंना सप्रेम सलाम.

मी २९ वर्षांचा आहे. पुण्यात नोकरी करतो, मूळ गाव नगर जिल्ह्यात. आमच्या मंडळीत साउंड आणि पडद्यावरची गाणी मी सांभाळतो, अधूनमधून कीबोर्ड वाजवतो. शनिवारी रात्री सराव, रविवारी दोन उपासना, शिवाय तरुण संघाचे कार्यक्रम. गावच्या चर्चमध्ये माझे आजोबा पायरीशी चपला काढायचे, टोपी हातात घ्यायचे आणि सतरंजीवर गुडघे टेकायचे. आमच्या इथे लोक चहाचा कप घेऊन आत येतात, प्रार्थना चालू असताना मोबाइलवर शूटिंग करतात. मलाही आता त्याचं काही वाटत नाही, आणि हेच मला खटकतं. वडीलधारे म्हणतात, ड्रम बंद करा म्हणजे भक्तिभाव परत येईल.

मागच्या महिन्यात शास्त्र वाचताना उज्जाची गोष्ट आली. कराराच्या कोशाला हात लावला म्हणून जागच्या जागी मेलेला तो माणूस डोळ्यांपुढून हलत नाही. पडणारी वस्तू सावरली, एवढाच त्याचा गुन्हा? तेव्हापासून प्रार्थनेला बसलो की धास्ती वाटते. देव इतका पवित्र असेल तर त्याच्याजवळ जायचं कसं? आणि आम्ही दर रविवारी जे करतो, त्याला उपासना म्हणायचं का?

घरी आई आणि मी, दोघंच. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलावी लागली, कारण दोन्ही वेळा चर्चचे मोठे कार्यक्रम होते. तीच म्हणते, देवाचं काम आधी. तिला पडद्यावरचं दिसत नाही, पण गाणी पाठ आहेत. मला मार्ग दाखवा.

एक वाचक, पुणे

प्रिय मुला, सलाम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. उज्जा, ड्रम आणि चपला यांना तू जवळजवळ सगळं पत्र दिलंस आणि आईला शेवटच्या चार ओळी. त्या ओळींकडे मी येणार आहे. पण जे विचारलंस ते आधी घेऊ, कारण तुझी धास्ती खोटी नाही. उज्जाची गोष्ट वाचून ज्याची झोप उडाली त्याने ती मनापासून वाचली, असं मी म्हणेन.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा उघड. कोश म्हणजे बाभळीच्या लाकडाची, आतून-बाहेरून सोन्याने मढवलेली पेटी. अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. आत करारनाम्याच्या पाट्या. शत्रू असलेल्या पलिष्ट्यांनी लढाईत नेलेला तो कोश परत आल्यापासून किर्याथ-यारीमला अबीनादाबाच्या घरी होता, आणि उज्जा त्याच घरातला. ज्या कोशापुढे सगळं इस्राएल थरथरत असे, तो या माणसाच्या घरात वर्षानुवर्षं. शास्त्र स्पष्ट सांगत नाही, पण मला नेहमी वाटत आलंय की रोज नजरेसमोर असलेल्या त्या कोशाचा उज्जाला धाक उरला नसावा. तू लिहिलंस ना, ‘मलाही आता त्याचं काही वाटत नाही’? ते वाक्य वाचताना मला उज्जाचं घर आठवलं.

आता त्या दिवसाकडे बघ. दावीद राजाने तीस हजार निवडक माणसं जमवली. नवी गाडी, बैल, वीणा, सारंग्या, डफ, झांजा. कुठेच कसूर नाही. फक्त एक गोष्ट कुणी विचारली नाही: कोश न्यायचा कसा, याबद्दल देवाने काय सांगून ठेवलंय? आणि सांगून ठेवलं होतं. कोशाला कड्या होत्या, कड्यांत दांडे होते, आणि तो लेव्यांनी, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातल्या लोकांनी, आणि त्यांतही कहाथाच्या वंशजांनी खांद्यावर वाहायचा होता. गणना या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात ताकीदच आहे: पवित्र वस्तूंना हात लावाल तर मराल. सातव्या अध्यायात मोशे बाकीच्या लेव्यांना गाड्या आणि बैल वाटून देतो, पण कहाथ्यांना एकही देत नाही, कारण त्यांचं ओझं खांद्यावरचं. मग नवी गाडी आली कुठून? ती पलिष्ट्यांची रीत. त्यांनी कोश परत पाठवला तेव्हा नव्या गाडीवरच ठेवून पाठवला होता. त्यांच्यापाशी शास्त्र नव्हतं. इस्राएलापाशी होतं, पण त्या दिवशी ते उघडून बघायचं राहिलं.

नाखोनाच्या खळ्याजवळ बैल अडखळले आणि उज्जाने हात पुढे केला. त्याचा हात तेवढा आपल्या लक्षात राहतो. पण कोश गाडीवर चढवला तेव्हाच चूक झाली होती, आणि तीस हजारांपैकी कुणी हूं की चूं केलं नव्हतं. ही शिक्षा मला सोपी वाटते असं मी सांगणार नाही. दावीदालाही वाटली नाही. आधी त्याला राग आला, मग भीती वाटली, आणि शास्त्राने दोन्ही झाकून ठेवलेलं नाही. तुलाही राग आला असेल तर प्रार्थनेत तसं सांग.

पण गोष्ट तिथे सोडू नकोस. बहुतेक जण तिथेच सोडतात. भ्यालेल्या दावीदाने कोश ओबेद-अदोम गित्तीच्या घरी ठेवला. तीन महिने तोच कोश एका साध्या घरात राहिला आणि देवाने त्या घराला, घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद दिला. कोश बदलला नव्हता. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दावीद लेव्यांना बोलावून सांगतो की पहिल्या वेळी आपण देवाला नेमाप्रमाणे शरण गेलो नाही, म्हणून आपल्यावर हा घाव पडला. मग कोश खांद्यावर निघाला. आणि या दुसऱ्या मिरवणुकीत शांतता होती असं समजू नकोस. शिंगं वाजत होती, झांजा वाजत होत्या, आणि राजा एफोद, म्हणजे याजकासारखं साधं वस्त्र, घालून सगळं बळ लावून नाचत होता, इतका की त्याच्या बायकोला, मीखलला, खिडकीतून बघून त्याची किळस आली. पहिल्या खेपेलाही वाद्यं होती, दुसऱ्या खेपेलाही होती. फरक एवढाच की या वेळी कुणीतरी आधी शास्त्र उघडून बघितलं होतं.

ड्रमचा निकाल यातच आला. ड्रम काढल्याने भक्तिभाव येत नाही आणि ठेवल्याने जात नाही. वडीलधाऱ्यांना मान देऊन हेही सांगता येईल की आपण जिला आपली म्हणतो ती पेटी, हार्मोनियम, युरोपातून आली. १८४०च्या दशकात ती पॅरिसमध्ये घडत होती. आज तिच्यावर भजन सुरू झालं की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. तरीही आवाज इतका असावा की शेजारच्या म्हाताऱ्या माणसाचं गाणं ऐकू यावं. मंडळीला स्वतःचा सूर ऐकू येत नसेल, तर ती गात नाहीये, नुसती ऐकतेय. साउंड तुझ्या हातात आहे, एवढं तू करू शकतोस.

आता ‘पवित्र’ या शब्दाबद्दल. मराठी माणसाच्या कानाला हा शब्द लगेच सोवळ्यासारखा ऐकू येतो: दूर राहा, शिवू नकोस, विटाळ होईल. आपल्या कितीतरी घराण्यांच्या पूर्वजांना याच शब्दांनी पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलं. नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या मंडळ्या ज्या लोकांतून उभ्या राहिल्या त्यांना देवळाची पायरी आणि गावची विहीर दोन्ही बंद होती. त्यामुळे कोशाला हात लावून मेलेला माणूस वाचताना आपल्या पोटात जी कळ उठते ती थोडी त्या जुन्या जखमेचीही असते. माझ्याही उठली आहे. म्हणून यशयाचा सहावा अध्याय त्याच्या शेजारी ठेवून वाच.

‘उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी’ अशी त्या अध्यायाची सुरुवात आहे. हा उज्जीया वेगळा, कोशाला शिवलेला उज्जा नव्हे. तो सोळाव्या वर्षी गादीवर बसला, बावन्न वर्षं राज्य केलं, बुरूज बांधले, विहिरी खणल्या, मोठा झाला आणि उन्मत्त झाला. स्वतःच धूप जाळायला मंदिरात शिरला. ऐंशी याजक आडवे आले तरी धुपाटणं हातातून सोडेना, आणि तिथेच त्याच्या कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. त्याच राजाच्या मृत्यूच्या वर्षी यशयाला उंच सिंहासनावर बसलेला परमेश्वर दिसला. त्याच्या सेवेतल्या सराफीम दूतांना सहा सहा पंख, पण उडायला दोनच. दोहोंनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय. ज्यांनी कधी पाप केलं नाही तेही तोंड झाकून ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणतात. उंबरठे हादरले, मंदिर धुराने भरलं. राजा गर्वाने आत शिरला होता. यशया मात्र म्हणाला, माझं आता भरलं, मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे.

पुढे काय झालं ते बघ. सोवळ्याच्या हिशेबाने अशुद्ध ओठांच्या माणसाला बाहेर काढायला हवं होतं. इथे वेदीवरचा निखारा त्याच्याकडे आला आणि ओठांना लागला. ओठ शुद्ध झाले. निखाऱ्याला विटाळ झाला नाही. पुढे सातशेहून अधिक वर्षांनी गालीलात कोड झालेला एक माणूस येशूपुढे गुडघे टेकतो, आणि येशू हात पुढे करून त्याला शिवतो. शब्दानेही बरं करता आलं असतं, पण त्याने शिवूनच केलं. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीत त्याच्या वस्त्राला शिवते आणि तो तिला ‘मुली’ म्हणतो. या देवाचं पावित्र्य जाळतं ते पापाला. माणसाच्या स्पर्शाने ते बाटत नाही. सोवळं आणि पावित्र्य एकच असल्यासारखं मंडळीत कुणी बोललं, कुणाच्या जातीवरून नाक मुरडलं, तर तिथे ठामपणे बोल. त्या जागी गप्प राहणं म्हणजे भक्ती नव्हे.

म्हणून भय सोडू नकोस आणि जवळ जाणंही सोडू नकोस. ही दोन्ही एकत्र कशी नांदतात ते आपण रोजच म्हणतो, लक्षात मात्र येत नाही. प्रभूची प्रार्थना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरू होते आणि त्याच दमात ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ येतं. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात येशूच्या रक्ताने परमपवित्रस्थानात धैर्याने या असं सांगितलंय, आणि बाराव्याच्या शेवटी आपला देव भस्म करणारा अग्नी आहे म्हणून आदराने व भयाने सेवा करा असं. एकाच हाताने लिहिलेलं एकच पत्र. आपल्या जुन्या घरांत वडिलांचा धाक असायचा ना, तोच बाप रात्री ताप आला की उशाशी बसायचा. त्या धाकाने पोरं घर सोडून पळत नव्हती.

इथे मला एका शब्दाबद्दल थोडं रेंगाळू दे, मला तो फार आवडतो. पहिला मुख्य याजक अहरोन याचे मुलगे नादाब आणि अबीहू यांनी देवाने न सांगितलेला अग्नी त्याच्यापुढे आणला आणि ते मेले, तेव्हा देव म्हणाला: जे माझ्याजवळ येतात त्यांच्या ठायी मी पवित्र ठरेन. लेवीय, दहावा अध्याय. इब्रीत ‘जवळ येणं’ यासाठी जो धातू आहे त्यातूनच अर्पणाचा शब्द बनतो, कुर्बान. हिंदी गाण्यांतून आपल्या कानावर पडणारे ‘कुर्बान’ आणि ‘करीब’ हे अरबीतून आलेले शब्दही त्याच मुळाचे. अर्पण म्हणजे जवळ येणं. किती सुंदर आहे हे!

आणि हाच शब्द येशूने एकदा फार कडक आवाजात वापरला. मार्काचा सातवा अध्याय. काही धर्मनिष्ठ लोक आईबापांना म्हणत, माझ्याकडून तुम्हाला जो लाभ व्हायचा तो ‘कुर्बान’ आहे, देवाला वाहिलेला. एकदा तसं म्हटलं की आईबापांसाठी काही करायची गरज नाही, असा शास्त्र्यांचा निवाडा. येशू त्यांना म्हणाला, तुमच्या परंपरेने तुम्ही देवाचं वचन रद्द करता.

मुला, तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या दोन तारखा कुर्बान झाल्या आहेत.

वाईट वाटलं असेल तर थोडा थांब, मग पुढे वाच. तू हे दुष्टपणाने केलं नाहीस हे मला कळतं. तीच म्हणाली, देवाचं काम आधी. आपल्या आया असंच म्हणतात. दावीदानेही ती मिरवणूक देवासाठीच काढली होती. पण देवाने आधीच काय सांगून ठेवलंय ते इथेही बघावं लागेल. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात देव म्हणतो, तुम्ही पवित्र असा, कारण मी तुमचा देव परमेश्वर पवित्र आहे. आता पवित्र कसं व्हायचं हे तो सांगणार, म्हणून मी लहानपणी श्वास रोखून पुढचं वचन वाचलं होतं. ते वचन असं की प्रत्येकाने आपल्या आईचा व बापाचा धाक बाळगावा. दहा आज्ञांत बाप आधी येतो, इथे आई आधी आहे. आणि जो शब्द शास्त्र देवाच्या भयासाठी वापरतं तोच इथे आईसाठी वापरलाय. त्याच अध्यायात शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडायला सांगितलंय, मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नको म्हटलंय, खरी वजनं वापरायला सांगितलीत. आणि आंधळ्यापुढे ठोकर ठेवू नको, आपल्या देवाचं भय धर, हेही तिथेच आहे. आजोबांचा देव कुठे हरवला असं तुला वाटतंय. मला तो या अध्यायात दिसतो.

माझे वडील पाळक होते. एका नाताळच्या आदल्या संध्याकाळी माझ्या आजीला दम लागला. गावात डॉक्टर नव्हता. वडिलांनी उपासनेची वही एका वडीलधाऱ्याच्या हातात दिली आणि आजीला घेऊन नगरला गेले. नाताळच्या सकाळी मंडळीत कुजबुज झाली, पाळकाविना नाताळ असतो का म्हणून. ते तिसऱ्या दिवशी परतले, कुणाला काही बोलले नाहीत, आणि पुढच्या रविवारी नेहमीसारखे चपला काढून आत गेले. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. देवाचं भय म्हणजे काय हे मला त्यांच्या कुठल्या उपदेशापेक्षा त्या रिकाम्या खुर्चीने जास्त शिकवलं.

तर आता करायचं काय ते सांगते.

सोमवारी सकाळी दवाखान्यात फोन कर आणि मिळेल ती पहिली तारीख घे. आईला विचारू नकोस, सांग. त्या शनिवार-रविवारी आणि पुढच्या रविवारीही तू नाहीस असं पाळकांना आधीच कळव, कारण लपवलं तर आयत्या वेळी तुला बोलावतील आणि तू जाशील. साउंडचं काम संघातल्या आणखी एकाला आतापासून शिकव. ऑपरेशन झालं की बहुतेक त्याच दिवशी घरी सोडतात, पण पुढे काही आठवडे दिवसातून अनेकदा डोळ्यांत थेंब घालावे लागतात. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नसतं, डोळा चोळायचा नसतो. डॉक्टर लिहून देतील त्या वेळा फोनमध्ये लाव. थेंब घालायच्या आधी हात साबणाने धुशील तेव्हा मनात एक लहानशी प्रार्थना कर. तीही उपासनाच, आणि ती तुला आज्ञेने नेमून दिलेली आहे.

परतलास की चर्चमधलं दोनच गोष्टींनी सुरू कर. शनिवारचा सराव आठला संपव. आणि रविवारी वायरी, माइक, पडदा सगळं उपासनेच्या पंधरा मिनिटं आधी तयार ठेवून शेवटी कुठेतरी बस आणि चोविसावं स्तोत्र वाच: परमेश्वराच्या डोंगरावर कोण चढेल? त्या पंधरा मिनिटांत काही ‘वाटलं’ पाहिजे असं मनावर घेऊ नकोस. कधी वाटेल, कधी नाही. यशयालाही तो निखारा एकदाच लागला, पण पुढे आयुष्यभर तो सांगितलेलं काम करत राहिला.

चहा आणि शूटिंगचं तू एकटा बंद करू शकणार नाहीस आणि त्यावरून कुणाशी भांडूही नकोस. पाळकांशी एकांतात बोल, प्रार्थनेच्या वेळी तरी फोन खाली ठेवायची विनंती त्यांनी व्यासपीठावरून करावी. चपला काढाव्याशा वाटल्या तर काढ, मोशेनेही काढल्या होत्या. शेजारच्याच्या पायांकडे मात्र बघू नकोस.

वडीलधाऱ्यांपैकी ज्यांना ड्रमचा सर्वात जास्त राग आहे त्यांच्या घरी एकदा जा. त्यांना ऐकू किती येतं, त्रास नेमका कशाचा होतो ते विचार. आजोबांच्या काळातलं एखादं भजन त्यांना म्हणायला सांग आणि ते कीबोर्डवर बसवून बघ.

आणि एक काम या रविवारीच करता येईल, ऑपरेशनची वाट न बघता. पडद्यावर एका वेळी कडव्याच्या आठ ओळी टाकत असशील तर चारच टाक आणि अक्षरं दुप्पट मोठी कर. मागे चित्रं नकोत, गडद निळ्यावर पांढरी अक्षरं पुरेत. आईला दुसऱ्या ओळीत बसव आणि वाचता येतंय का ते विचार. नाही म्हणाली तर आणखी मोठी कर.

सलाम आणि प्रार्थना. तारीख मिळाली की मला कळव.